सूक्ष्मनलिकांची वाढ-घट आणि औषधे : गणिती प्रतिमानांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूक्ष्मनलिका म्हणजे काय आणि ती सतत का वाढते-घटते?

सूक्ष्मनलिका म्हणजेच मायक्रोट्यूब्यूल हा पेशीच्या आतील सांगाड्याचा एक घटक आहे. ही नळी पोकळ असून तिचा बाहेरचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर भरतो. ट्यूब्युलिन या प्रथिनाचे अल्फा आणि बीटा असे दोन उपघटक मिळून एक जोडी होते. या ८ नॅनोमीटर लांबीच्या जोड्या एकापुढे एक जुळून धागा तयार होतो आणि असे बहुधा १३ धागे शेजारी-शेजारी चिकटून नळी बनते. म्हणजे १ मायक्रोमीटर लांबीत १२५ गुणिले १३, अर्थात १,६२५ जोड्या असतात. हा आकडा पुढे अनेकदा लागणार आहे.

नळीला येऊन मिळणाऱ्या जोडीच्या बीटा उपघटकावर जीटीपी हा रेणू असतो. जोडी नळीत बसल्यावर काही वेळाने त्याचे जीडीपीत रूपांतर होते. टोकाशी जीटीपीयुक्त जोड्यांचा थर टिकून आहे तोवर नळी वाढत राहते. तो थर संपला की आतील जीडीपीयुक्त धागे बाहेरच्या बाजूला वळतात, सुटतात आणि नळी वेगाने आखडू लागते. या उलटण्याला कॅटॅस्ट्रॉफी म्हणतात. आखडणारी नळी मध्येच सावरून पुन्हा वाढू लागली तर त्याला रेस्क्यू म्हणतात. एकाच द्रावणात, एकाच क्षणी काही नळ्या वाढत असतात आणि काही आखडत असतात, हे टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८४ साली दाखवले. या वर्तनाला गतिज अस्थैर्य असे नाव आहे.

औषधाचा परिणाम पाहण्यासाठी गणित कशाला हवे? औषध दिल्यावर किती नळ्या उरल्या, एवढे मोजून भागत नाही का?

भागत नाही, आणि या पानावरील जवळजवळ सगळी उत्तरे याच मुद्द्याभोवती फिरतात. नळ्यांच्या रूपात असलेल्या ट्यूब्युलिनचे एकूण प्रमाण ही खात्यातली शिल्लक आहे, तर टोकांवर होणारी भर आणि घट ही उलाढाल आहे. शिल्लक तीच राहूनही उलाढाल निम्म्यावर येऊ शकते, आणि विभाजन पावणाऱ्या पेशीला गरज असते ती उलाढालीची.

ग्रिसिओफुल्व्हिनचे उदाहरण इथे फार बोलके आहे. गजकर्ण, नायटा अशा बुरशीजन्य त्वचारोगांवर हे औषध गेली कित्येक दशके वापरले जाते. मानवी पेशींचे विभाजनही ते थांबवते, पण कशामुळे याचा उलगडा होत नव्हता. परीक्षानळीत ट्यूब्युलिनचे बहुलकीकरण, म्हणजे जोड्या जुळून नळी बनणे, रोखायला या औषधाची १०० मायक्रोमोलरपेक्षाही जास्त संहती लागत होती, तर पेशींचे विभाजन त्याहून खूप कमी संहतीत अडत होते. मुंबईच्या आयआयटीतील दुलाल पांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली या कोड्याचे उत्तर मांडले. हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोग-पेशींमध्ये २० मायक्रोमोलरला विभाजन निम्म्यावर येते आणि तरीही विभाजन-तर्कूमध्ये, म्हणजे गुणसूत्रांची वाटणी करणाऱ्या नळ्यांच्या रचनेत, नळ्यांचे प्रमाण जवळजवळ नेहमीइतकेच दिसते. मात्र १ ते २० मायक्रोमोलर या पट्ट्यातच नळ्यांची वाढ-घट चांगलीच मंदावते. केवळ नळ्यांचे प्रमाण मोजणाऱ्याला या संहतीत औषधाचा परिणाम शून्य वाटला असता.

सर्वांत साधे प्रतिमान कोणते आहे?

ज्यात फक्त चार संख्या आहेत, ते. नळी एक तर वाढते आहे किंवा आखडते आहे, तिसरी अवस्था नाही, असे त्यात धरले जाते. वाढीचा वेग ‘व’, आखडण्याचा वेग ‘स’, वाढणारी नळी दर मिनिटाला सरासरी किती वेळा उलटते ती कॅटॅस्ट्रॉफीची वारंवारता ‘क’ आणि आखडणारी नळी किती वेळा सावरते ती रेस्क्यूची वारंवारता ‘र’ असे मानू. टेरेल हिल यांच्या द्वि-अवस्था प्रतिमानातून पुढे आलेल्या या विचाराला मारिलीन डॉग्टेरॉम आणि स्तानिस्लास लिबलर यांनी १९९३ साली अतिशय नेटके रूप दिले. वाढणाऱ्या नळ्यांसाठी एक आणि आखडणाऱ्या नळ्यांसाठी एक अशी दोन आंशिक विकलक समीकरणे त्यांनी मांडली. पहिल्या गटातील नळ्या लांबीच्या अक्षावर ‘व’ वेगाने पुढे सरकतात, दुसऱ्या गटातील ‘स’ वेगाने मागे येतात आणि ‘क’ व ‘र’ या दरांनी नळ्या एका गटातून दुसऱ्यात जातात. समीकरणे एवढेच सांगतात.

त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र मोठा आहे. ‘स × क’ हा गुणाकार ‘व × र’ पेक्षा मोठा असेल तर नळ्यांची लांबी मर्यादित राहते, लांबींचे वितरण घातांकी असते आणि

सरासरी लांबी = (व × स) ÷ (स × क − व × र)

हे सूत्र मिळते. ‘व × र’ मोठा ठरला तर सरासरी लांबीला मर्यादाच उरत नाही आणि नळ्या वाढतच राहतात. प्रत्यक्ष पेशीत त्यांना पेशीची कड आणि शिल्लक ट्यूब्युलिन आवर घालतात, ही गोष्ट वेगळी. या दोन राजवटींच्या मधली सीमारेषा औषधांच्या अभ्यासात फार महत्त्वाची आहे.

या चार संख्यांमध्ये औषध कुठे येते?

एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण सोडवून पाहू. औषध नसताना ‘व’ मिनिटाला १० मायक्रोमीटर, ‘स’ मिनिटाला २० मायक्रोमीटर आणि ‘क’ व ‘र’ दोन्ही मिनिटाला २ असे समजू. सूत्रात आकडे घातले की २०० भागिले (४० − २०), म्हणजे सरासरी लांबी १० मायक्रोमीटर मिळते.

आता एका औषधाने फक्त रेस्क्यू वाढवले असे समजू. ‘र’ ३ झाला की छेद १० उरतो आणि लांबी २० मायक्रोमीटर होते. ‘र’ ३.५ झाला की ती ४० होते आणि ४ वर पोहोचताच छेद शून्य होऊन मर्यादाच नाहीशी होते. रेस्क्यू दीडपट केल्यावर लांबी दुप्पट होते आणि दुप्पट केल्यावर तिला अंत राहत नाही. सीमारेषेजवळ औषधाच्या मात्रेतला छोटासा फरक एवढा मोठा परिणाम घडवतो तो यामुळेच, आणि या भागात मोजमापे वारंवार एकमेकांशी जुळत नाहीत याचेही हेच कारण आहे.

दुसऱ्या औषधाने चारही संख्या निम्म्यावर आणल्या असे मानू : वेग ५ आणि १०, वारंवारता १ आणि १. आता ५० भागिले (१० − ५), म्हणजे पुन्हा १० मायक्रोमीटर! सरासरी लांबी जराही हलली नाही. लांबींचे वितरणही तेच राहिले. पण उलाढाल पाहा. स्थिर स्थितीत कोणत्याही लांबीपाशी पुढे जाणारा आणि मागे येणारा प्रवाह समान असावा लागतो, म्हणून पहिल्या स्थितीत नळी आपला दोन-तृतीयांश वेळ वाढण्यात आणि एक-तृतीयांश आखडण्यात घालवते. त्यामुळे टोकावर होणारी एकूण देवघेव मिनिटाला सुमारे १३.३ मायक्रोमीटर, म्हणजे सेकंदाला ३६० च्या आसपास जोड्या, इतकी असते. दुसऱ्या स्थितीत ती बरोबर निम्मी होते. चारही संख्यांना एकाच अंकाने भागणे म्हणजे गणिताच्या दृष्टीने फक्त घड्याळ हळू करणे होय, आणि स्थिर प्रतिमेतून घड्याळाचा वेग कळत नाही. प्रत्यक्षात कोणतेही औषध चारही संख्या अशा समान प्रमाणात घटवत नाही, पण ग्रिसिओफुल्व्हिनच्या कोड्याची चावी याच हिशेबात आहे.

मात्रा आणि परिणाम यांचा दुवा जोडण्यासाठी बहुधा साधे बंधन-समीकरण वापरतात : औषधाने व्यापलेल्या जागांचा अंश म्हणजे औषधाची संहती भागिले (संहती अधिक विघटन-स्थिरांक). विघटन-स्थिरांक म्हणजे ज्या संहतीला निम्म्या जागा व्यापल्या जातात ती संहती. त्या अंशाच्या प्रमाणात ‘व’, ‘स’, ‘क’, ‘र’ यांपैकी एक किंवा अनेक संख्या बदलतात असे धरतात. कोणती संख्या कोणत्या दिशेने बदलते हे रसायनशास्त्राने आणि सूक्ष्मदर्शकाने सांगायचे असते, ते गणितातून आपोआप निघत नाही.

वेगवेगळी औषधे नळीवर नेमकी कुठे बसतात?

पॅक्लिटॅक्सेल पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून मिळाले. त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली आणि ते नळ्यांना स्थिर करते हे सुझन हॉर्विट्झ यांच्या गटाने १९७९ साली दाखवले. अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला १९९२ मध्ये मान्यता मिळाली. ते नळीच्या पोकळीकडील बाजूने बीटा उपघटकावर बसते. नळीतील काही शे जोड्यांमागे एक रेणू बसला तरी आखडण्याचा वेग किंवा व्याप्ती निम्म्याच्या आसपास घटते असे मेरी अॅन जॉर्डन आणि लेस्ली विल्सन यांच्या सांता बार्बरा येथील कामातून पुढे आले. प्रतिमानात म्हणून पॅक्लिटॅक्सेलचा पहिला फटका ‘स’ ला बसतो, ‘र’ वाढतो आणि मात्रा वाढत गेली की नळ्यांचे एकूण प्रमाणही वाढू लागते.

व्हिन्ब्लास्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळते. ते नळीच्या वाढत्या टोकाशी, एकापुढे एक असलेल्या दोन जोड्यांच्या सांध्यात बसते. टोकावर एक-दोन रेणू बसले तरी उलाढाल निम्म्यावर येते. संहती बरीच वाढवली तर मात्र नळ्या विरघळतात आणि ट्यूब्युलिनचे स्फटिकासारखे पुंजके तयार होतात. एकाच औषधाची कमी आणि जास्त मात्रेतली वागणूक इतकी भिन्न असेल, तर एकच प्रतिमान ओढूनताणून दोन्हीकडे लावू नये. दोन स्वतंत्र यंत्रणा लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

कोल्चिसिन सह्याद्रीच्या पावसाळी झुडपांत दिसणाऱ्या कळलावीत असते, आणि तिचा विषारीपणा मुख्यतः त्याचाच. हे औषध आधी मोकळ्या ट्यूब्युलिनशी जोडले जाते, ते बंधन सावकाश घडते आणि सहजी सुटत नाही, आणि मग औषधासह ती जोडी नळीच्या टोकावर जाऊन बसते. त्यामुळे कोल्चिसिनच्या प्रतिमानात वेळ स्वतंत्रपणे यावा लागतो. औषध टाकल्यानंतर पाचव्या मिनिटाला आणि पन्नासाव्या मिनिटाला घेतलेली मोजमापे एकाच संहतीखाली एकत्र करून चालत नाही.

औषध ट्यूब्युलिनला अडवून धरते, त्यामुळे वाढीसाठी माल कमी पडतो, एवढे साधे स्पष्टीकरण पुरेसे नाही का?

जास्त मात्रेत ते बऱ्याच अंशी खरे आहे, आणि त्याचे गणितही रोचक आहे. वॉकर आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली शुद्ध ट्यूब्युलिनवर केलेल्या मोजमापांनुसार धन टोकावर, म्हणजे नळीच्या जलद वाढणाऱ्या टोकावर, दर मायक्रोमोलरमागे सेकंदाला ८.९ जोड्या येऊन मिळतात आणि वाढ चालू असतानाही सेकंदाला ४४ सुटतात. नळी आखडू लागली की हाच आकडा सेकंदाला ७३३ होतो. १,६२५ ने भागून पाहिले तर ७३३ म्हणजे मिनिटाला सुमारे २७ मायक्रोमीटर होतात. १० मायक्रोमोलर मोकळे ट्यूब्युलिन असेल तर ८९ वजा ४४, म्हणजे सेकंदाला ४५ जोड्यांची निव्वळ भर पडते, अर्थात मिनिटाला सुमारे १.७ मायक्रोमीटर. औषधाने त्यातले २ मायक्रोमोलर अडवले तर भर २७ जोड्यांवर येते आणि वेग मिनिटाला १ मायक्रोमीटरवर. ट्यूब्युलिन पाचव्या हिश्श्याने कमी झाले, पण वेग ४० टक्क्यांनी घटला, कारण सुटणाऱ्या ४४ जोड्या आहेत तेवढ्याच राहतात.

कमी मात्रेत मात्र हे स्पष्टीकरण टिकत नाही. पेशीत ट्यूब्युलिन साधारण १० ते २० मायक्रोमोलर असते आणि संवर्धन-द्रवातील औषध कित्येकदा १० नॅनोमोलर, म्हणजे हजार ते दोन हजारांमागे एखादा रेणू. एवढ्याशा औषधाने साठा अडवला जाणे शक्य नाही, त्याने टोकांवरच काहीतरी केले असले पाहिजे. इथे एक सावधगिरी हवी. पॅक्लिटॅक्सेल पेशीत बाहेरच्यापेक्षा कित्येक शेपट साठते. म्हणून बाहेरची संहती जशीच्या तशी बंधन-समीकरणात घालणे ही या क्षेत्रातील सर्वांत सर्रास आढळणारी चूक आहे, असे माझे मत आहे.

वर दिलेले ८.९ आणि ४४ हे आकडेही अंतिम नाहीत. टोकावरची जोडणी आणि सुटणे प्रत्यक्षात याहून कितीतरी जलद चालते आणि आपल्याला दिसते ती त्यांची छोटी वजाबाकी, असे २०११ सालच्या अधिक सूक्ष्म मोजमापांनी दाखवले. सरासरी वेगासाठी जुने आकडे अजूनही उपयोगी पडतात, पण वेगातील चढउतारांचे भाकीत करताना ते फसवतात.

पॅक्लिटॅक्सेल नळ्या टिकवते, व्हिन्ब्लास्टिन मोडते. मग कमी मात्रेत दोघांचा परिणाम सारखा कसा?

सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही वेळा नळीचे टोक जवळपास गोठल्यासारखे दिसते, यात शंका नाही. कारणे मात्र वेगळी आहेत, आणि ती वेगळी काढून दाखवणे हे गणिती प्रतिमानाचे अलीकडचे मोठे यश मानावे लागेल. मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड ओड यांच्या गटाने २०१७ साली १३ धाग्यांचे, जोडी-जोडीचा हिशेब ठेवणारे संगणकीय प्रतिमान आणि जिवंत पेशींतील नॅनोमीटर पातळीची मोजमापे एकत्र केली. अशा प्रतिमानात प्रत्येक जोडीला वरच्या-खालच्या आणि शेजारच्या जोड्यांशी असलेल्या बंधांची ऊर्जा दिलेली असते आणि त्या ऊर्जेवरून ती सुटण्याचा दर निघतो.

व्हिन्ब्लास्टिन जोड्यांचे येणे आणि जाणे ही दोन्ही खरोखरच मंद करते, असे त्यांना आढळले. पॅक्लिटॅक्सेल तसे करत नाही. जीटीपीयुक्त आणि जीडीपीयुक्त जोड्यांमधील ऊर्जेचा फरकच ते जवळजवळ मिटवते. जीडीपीयुक्त जोडीही घट्ट बसून राहते, त्यामुळे टोकाचा संरक्षक थर गेला तरी कोसळण्याचे कारण राहत नाही. चार संख्यांच्या प्रतिमानाला हा भेद दिसलाच नसता, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी केवळ ‘स’ आणि ‘क’ घटलेले आहेत.

म्हणजे चार संख्यांचे प्रतिमान कालबाह्य झाले आहे का?

नाही. पण त्यातील एक गृहीतक डोळ्यांत तेल घालून तपासावे लागते. ‘क’ ही एकच स्थिर संख्या आहे असे धरले की आत्ताच जन्मलेली नळी आणि बराच वेळ वाढत असलेली नळी यांची उलटण्याची शक्यता समान ठरते. मोजमापे तसे सांगत नाहीत. १९९५ साली ओड, कासिमेरिस आणि ब्युटनर यांनी वाढीच्या कालावधींचे वितरण घातांकी नसून गॅमा प्रकारचे असल्याचे दाखवले, आणि २०११ मध्ये जोनाथन हॉवर्ड यांच्या गटाने नळीचे वय वाढत जाते तशी कॅटॅस्ट्रॉफीची शक्यताही वाढते, जणू साधारण तीन टप्पे ओलांडल्यावरच नळी उलटते, असे मांडले.

फरक किती पडतो ते पाहू. वाढीचा सरासरी कालावधी दोन्ही प्रतिमानांत २ मिनिटेच ठेवू. एकाच टप्प्याच्या प्रतिमानानुसार पहिल्या अर्ध्या मिनिटात उलटणाऱ्या नळ्या २२ टक्के असतात. तीन समान टप्प्यांच्या प्रतिमानानुसार त्या जेमतेम ४ टक्के. सरासरी तीच, पण कोवळ्या नळ्यांचे नशीब पूर्णपणे निराळे. एखाद्या औषधाने टप्प्यांची संख्या बदलली की टप्प्यांचा वेग बदलला, हा प्रश्न या प्रतिमानातच विचारता येतो.

पेशीतील इतर प्रथिनांमुळे औषधाचा परिणाम बदलतो का?

बदलतो, आणि बराच बदलतो. ईबी नावाची प्रथिने वाढत्या टोकाशी जमतात. २०१३ साली आना अखमानोव्हा आणि मारिलीन डॉग्टेरॉम यांच्या गटांनी परीक्षानळीतील प्रयोगांत दाखवले की ईबी प्रथिने असताना, तपासलेल्या प्रत्येक औषधाने कॅटॅस्ट्रॉफी वाढवल्या. यात नळ्या टिकवणारे पॅक्लिटॅक्सेलही आले. कोल्चिसिन आणि व्हिन्ब्लास्टिन यांनी ईबीच्या साथीने नळ्यांचे वय झपाट्याने वाढवले, तर पॅक्लिटॅक्सेलने कॅटॅस्ट्रॉफीबरोबरच रेस्क्यूही घडवून आणले आणि वय काही प्रमाणात मागे नेले. शुद्ध ट्यूब्युलिनवर बसवलेले आकडे पेशीसाठी जसेच्या तसे वापरणाऱ्यांनी हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

एरिब्युलिनच्या बाबतीत तर सरासरी संहतीची भाषाच अपुरी पडते. समुद्री स्पंजातील हॅलिकॉन्ड्रिन-बी या रेणूवरून बनवलेले हे औषध २०१० पासून अमेरिकेत वापरात आहे. ईबी-३ प्रथिन असताना टोकावर त्याचा एकच रेणू बसला तरी नळी उलटू शकते किंवा अडखळत, संथ गतीने वाढू लागते, असे २०१६ साली दिसून आले. जिथे एका रेणूने चित्र पालटते तिथे यादृच्छिक प्रतिमानाला पर्याय नाही.

नळ्या मंदावल्या म्हणून पेशीविभाजन का अडावे?

विभाजनाच्या वेळी प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही बाजूंना नळीने जाऊन पकडायचे असते. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे अशी ९२ ठिकाणे. नळ्या सर्व दिशांना वाढतात, काही सापडले नाही तर आखडतात आणि दुसऱ्या दिशेला पुन्हा वाढतात. हा शोध-आणि-पकड विचार कर्शनर आणि मिचिसन यांनी १९८६ साली मांडला आणि होली व लिबलर यांनी १९९४ साली त्याचे गणित केले. कॅटॅस्ट्रॉफी फारच विरळ झाल्या तर चुकीच्या दिशेला गेलेली नळी तिकडेच वेळ घालवत बसते. त्या फार वाढल्या तर योग्य दिशेची नळीही गुणसूत्रापर्यंत पोहोचत नाही. मधे कुठेतरी सर्वोत्तम वारंवारता असते आणि औषध पेशीला तिथून कोणत्याही बाजूला ढकलू शकते.

अर्थात निव्वळ आंधळा शोध मानवी पेशीला पुरत नाही. पेशी नळ्यांना गुणसूत्रांच्या दिशेने झुकवत असली पाहिजे, असे २००५ साली वोलमन आणि सहकाऱ्यांच्या गणनांतून दिसले. त्यामुळे औषधाने पकडीचा वेळ किती वाढला याचे उत्तर शोधताना त्या झुकावाचे काय झाले हेही विचारावे लागते.

प्रतिमानात घालायचे आकडे कितपत भरवशाचे असतात?

वाटतात त्यापेक्षा कमी. नळीच्या टोकाची जागा दर दोन-तीन सेकंदांनी टिपली, तर त्याहून अल्पायुषी घटना नोंदीत येतच नाहीत. औषधाने हालचाली लहान झाल्या की त्या सूक्ष्मदर्शकाच्या विभेदनाखाली जातात आणि विराम म्हणून नोंदल्या जातात. मग औषधाने विराम वाढवले असा निष्कर्ष छापून येतो, जो अंशतः उपकरणाचा गुण असतो. यावर उपाय म्हणजे प्रतिमानातून निघालेल्या कृत्रिम नळ्यांवर तीच कालांतरे आणि तोच मोजमापाचा गोंगाट लादावा, त्यांचे विश्लेषण त्याच पद्धतीने करावे आणि मग तुलना करावी. शिवाय ईबी प्रथिनांचे चमकणारे ठिपके पाहून केलेल्या नोंदींत फक्त वाढणारी टोके दिसतात. आखडण्याचा वेग त्यातून थेट मोजता येत नाही, तो अनुमानाने काढलेला असतो.

या प्रतिमानांवरून रुग्णाला द्यायची मात्रा ठरवता येते का?

येत नाही, आणि तसा प्रयत्नही कोणी करू नये. मात्रा ठरवण्याचे काम वैद्यकीय चाचण्यांचे आणि कर्करोगतज्ज्ञांचे आहे. प्रतिमाने प्रश्न कसा विचारावा हे सुधारतात. पॅक्लिटॅक्सेल विभाजन पूर्ण थांबवूनच पेशी मारते ही समजूत दीर्घकाळ होती. २०१४ साली स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांतील गाठींचा अभ्यास करताना मात्र औषधाची पातळी तेवढी उंच नसल्याचे आणि बहुध्रुवीय, म्हणजे दोनऐवजी अधिक टोके असलेल्या, तर्कूमुळे गुणसूत्रांची चुकीची वाटणी होऊन पेशी मरत असल्याचे दिसले. कमी मात्रेतील वर्तनाचे बारकाईने केलेले गणित रुग्णालयाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते ते अशा ठिकाणी.

स्वतः असे प्रतिमान चालवून पाहायचे असल्यास सुरुवात कुठून करावी?

पायथॉन येत असेल तर चार संख्यांचे प्रतिमान चाळीस-पन्नास ओळींत बसते. वाढीच्या अवस्थेत ० ते १ मधील एक यादृच्छिक संख्या घ्यावी, तिचा नैसर्गिक लॉगॅरिदम ऋण करून ‘क’ ने भागावा, की पुढच्या कॅटॅस्ट्रॉफीपर्यंतचा वेळ मिळतो. आखडण्याच्या अवस्थेत हेच ‘र’ ने करावे. रेस्क्यू होण्याआधीच लांबी शून्य झाली तर नळीची वाढ तिथून लगेच पुन्हा सुरू झाली असे धरावे. रासायनिक प्रक्रियांसाठी गिलेस्पी यांनी १९७० च्या दशकात सांगितलेल्या पद्धतीचे हे सर्वांत लहान रूप आहे.

पहिली चाचणी वरच्याच आकड्यांची घ्यावी. व १०, स २०, क २, र २ ठेवून सरासरी १० मायक्रोमीटर येत नसेल तर औषधाकडे वळूच नये. लांबी समान वेळेच्या अंतराने नोंदावी. ती प्रत्येक घटनेच्या क्षणी नोंदली तर शून्यावर पोहोचण्याचे क्षणही त्यात मिसळतात आणि सरासरी कमी भरते, आणि नवशिक्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. त्यानंतर चारही संख्या निम्म्या कराव्यात. सरासरी तीच यायला हवी, पण तेवढीच अचूकता मिळवण्यासाठी प्रतिमानातील वेळ दुप्पट धावावा लागेल. मग एका टप्प्याच्या जागी तीन टप्प्यांची कॅटॅस्ट्रॉफी बसवावी. त्यासाठी आधी एक निर्णय घेऊन तो कागदावर लिहून ठेवावा लागेल : रेस्क्यूनंतर नळीचे वय पुन्हा शून्यापासून मोजायचे की जिथे होते तिथून पुढे. दोन्ही पर्याय चालवून लांबींचे आलेख शेजारी ठेवले, की पॅक्लिटॅक्सेल वय मागे नेते या निकालाचा लांबींवर कितपत परिणाम होतो ते आलेखांतच दिसेल.